थोरल्या दिराला मारलेले खडे

माझ्या थोरल्या दिराला मी दगड मारायचे. चोरून नाय, दिवसाढवळ्या, सगळ्या गँगच्या देखत. नि तेही मान वर न करता खायचे.

हे मी सांगतेय नि माझी सून लिहून घेतेय. ती आताच बोलली, "आई, असं सुरू नका करू. दिवाळी अंक हाय, लोक काय बोलतील?" मी बोलले, लोकांना पुढं कळेल, तू लिही. अंकवाल्या मास्तरांनी सांगितलंय, रेल्वेत काय काम केलं ते बोलता तसंच सांगा. माझी शाळा दुसरीपर्यंत, ती पण अर्धी. मला दुसरं बोलता येत नाय.

बोईसर नि उमरोळीच्या मधल्या लायनीवर आमची गँग होती. गँग म्हंजे रूळ सांभाळणारी माणसं. रूळ खडीवर बसलेला असतो. गाड्या जाऊन जाऊन खडी दबते, रूळ एका बाजूनं खचतो. मंग पहार घालून रूळ उचलायचा, रुळाखालच्या आडव्या स्लीपरच्या पोटात खडी ठोकून भरायची, परत पुढच्या स्लीपरला जायचं. इथून तिथवर झालं की मागचं परत खचलेलं असतं. शेताला निदान कापणी तरी असते. ह्या कामाला कापणी नाय.

आमी बाया घमेल्यानं खडी टाकायचो. बाया म्हंजे मी नि सोमी. कागदावर आमीही गँगमनच. बूट मिळाले ते बाप्यांच्या मापाचे, मी त्यात चिंध्या कोंबायचे. लायनीकडेच्या आमच्या खोपटात भिंतीवर नियमांचा कागद चिकटवलेला असायचा, त्यात सगळं होतं, हत्यार कुठं ठेवायचं, गाडी आली की कसं उभं राहायचं. दोन स्टेशनांच्या मधे बायांनी आडोशाला कुठं जायचं ते नव्हतं. आमी सकाळी पाणीच पीत नव्हतो. त्यानं पुढं मुतखड्याचं दुखणं लागलं ते लागलंच.

गाडी जाताना तिच्याकडं तोंड करून उभं राहायचं, असाही नियम. दार लोंबत असेल, साखळी लटकत असेल, तर दिसायला पाहिजे. पण गाडीचे संडास खाली उघडे. तोंड करून उभं राहिलं की काय अंगावर यायचं ते सून लिहिणार नाय. आमी पाठ फिरवायचो. साहेब आला की तोंड करायचो.

मी रेल्वेत लागले ती नवऱ्याच्या जागी. आमचे हे त्याच गँगला होते. दोन लायनी शेजारी शेजारी, एक मुंबईला जाणारी, एक येणारी. ह्या लायनीवर गाडी आली म्हणून हे त्या लायनीवर सरकले. त्या लायनीवर पण गाडी होती. पहिल्या गाडीच्या आवाजात दुसरीचा आवाज कुठला कळतो? बस, एवढंच. घरी निरोप घेऊन आले ते थोरले दीरच. तेही त्याच गँगला. उंबऱ्याबाहेर उभे राहिले. हातात यांच्या चपला होत्या. त्यावरून कळलं.

थोरल्या दिरांचं नाव मी घेत नाय. घरात सगळे भाऊ म्हणतात, मी पण भाऊच म्हणते, ते पण दुसऱ्याशी बोलताना. त्यांच्याशी समोरासमोर बोलायची आमच्यात रीत नाय. त्यांना काय सांगायचं असेल तर दारातल्या कोंबडीला सांगितल्यासारखं सांगायचे, "आज वयनीला म्हणावं, छत्री घ्या." मी कोंबडीकडं बघून मान हलवायची.

आमचा मुकादम लहानू. जाडा, पान खाणारा, तोंडानं वाईट, मनानं नाय. त्याला कागदावरचे नियम नंबरानं पाठ होते, पण ते साहेबापुरते. गँगमधे नियमाला माणसाचं नाव होतं. पहार रुळावर आडवी ठेवायची नाय, हा जानूचा नियम. पुलावर गाडी यायच्या आत पळत सुटायचं नाय, पुलाच्या कडेला केलेल्या खोपीत शिरायचं, हा बारक्याचा. तो तो माणूस त्या त्या चुकीनं गेलेला. मी कामाला लागले तवा सगळ्यात नवा नियम माझ्या नवऱ्याच्या नावाचा होता. गाडी आली की दोन्ही लायनी सोडायच्या, पार कडेला उतरायचं. समोरून दुसरी गाडी दिसली की मुकादम यांचं नाव घेऊन ओरडायचा नि सगळे कडेला उड्या मारायचे. पहिल्या दिवशी ते नाव ऐकलं नि मी घमेलं टाकून वळून बघितलं. हे आले असं वाटलं. सोमीनं दंडाला धरून खाली ओढलं. पुढं सवय झाली. दिवसाला किती वेळा तरी ऐकायचे.

मंग आमच्या झेंडीवाल्याचे गुडघे गेले, त्यानं काम सोडलं. झेंडीवाल्यानं काम करायचं नाय, नुसतं बघायचं. गाडी दिसली की शिटी वाजवायची, गँगला लाल झेंडी दाखवायची. दोन बाजूला दोन झेंडीवाले पाहिजेत, पण माणसं कमी, आमच्यात एकच. मुकादम बोलला, "वयनी, तुझी नजर घारीसारखी हाय. तू उभी राहा."

गँग हसली. एक जण बोलला, "बाई शिटी मारणार? मंग गाडीच लाजून थांबेल."

"तुझी बायको शिटी मारते तवा तू थांबतो का?" सोमी बोलली.

मी शिटी घेतली. भाऊ समोर, म्हणून डोक्यावरचा पदर दातात धरायची सवय. पदर दातात नि शिटी पण दातात, कसं जमायचं? पदर सोडला. भाऊंनी त्या दिवसापासून माझ्याकडं पाठ करून काम करायला सुरुवात केली. रागानं नाय. मला संकोच नको म्हणून.

दुसरी अडचण मोठी होती. समोरून दुसरी गाडी दिसली की यांचं नाव ओरडायचं. मी नवऱ्याचं नाव उखाण्यात घेतलं होतं तेवढंच, नुसतं कधी नाय. पहिल्याच दिवशी दोन्हीकडून गाड्या आल्या. शिटी मारली, नि नाव तोंडातून येईना. मी ओरडले, "यांचा! यांचा!"

गँगला बरोबर कळलं. कडेला उतरले सगळे. गाड्या गेल्यावर मुकादम खडीत बसून हसला. "यांचा! रेल्वेच्या सगळ्या लायनीत असा नियम कुठं नसेल." तवापासून आमच्या गँगमधे तोच शब्द चालला. "यांचा" म्हटलं की दोन्ही लायनी सोडायच्या.

भाऊंचे कान गेले ते मला शिटी हातात आल्यावर कळलं. बाकीच्यांना आधीच माहीत होतं. शिटी वाजली की सगळे हलायचे, भाऊ कोणाला तरी बघून मंग हलायचे. जन्मभर रुळावर लोखंड ठोकलेलं, कान राहतात कुठं? कोळशाचं इंजिन होतं तोवर निभावलं. त्याचा धूर दिसायचा, जमीन हलायची, भाऊंना पहारीतून हाताला कळायचं. मंग वरती वायरी आल्या. विजेचं इंजिन मांजरासारखं येतं.

कान-डोळे तपासायला काही वर्षांनी रेल्वेच्या दवाखान्यात पाठवतात. लाल-हिरवं ओळखायचं, मागून डॉक्टर हळू बोलतो ते ऐकून सांगायचं. भाऊंची मागची तपासणी झाली तवा कान बरे होते. पुढची लांब होती. मधल्या वर्षांत कोणाचं काय गेलं ते डॉक्टरला कुठून दिसणार? नि गँग सांगणार नाय. सांगितलं की माणूस लायनीवरून काढतात, हलक्या कामाला लावतात, पगार नि मान दोन्ही खाली. आज त्याचं, उद्या आपलं. सगळ्यांचे कान थोडे थोडे गेलेलेच होते.

मंग मुकादमानं त्यावर युक्ती काढली. भाऊंना माझ्याकडच्या टोकाला लावायचा. शिटी मारली की मी खाली वाकून खडीतला लहानसा दगड घ्यायचे नि भाऊंच्या पायाशी मारायचे. ते लगेच कडेला. वर बघायचं नाय, मागं बघायचं नाय. कधी नेम चुकायचा, पोटरीला लागायचा. संध्याकाळी घरी जाऊबाई त्यांच्या पोटरीला तेल चोळायची नि मला ऐकू येईल अशी बोलायची, "कोण मेली दगड मारते काय म्हाईत. हात झडला पाहिजे तिचा."

असं किती वर्षं चाललं ते मोजलं नाय. माझा हात बसला होता. घरात त्यांच्यासमोरून जाताना मी पदर ओढायचे, लायनीवर दगड मारायचे.

मंग तो दिवस. उन्हाळा होता, दुपार, खाडीकडून वारा सुटलेला. मोठा रूळ सरकवायचा होता. भाऊंच्या हातात ताकद बैलासारखी, म्हणून मुकादमानं त्यांना मधे बोलावलं. मी लांब, वळणाच्या टोकाला. पालघरकडून गाडी दिसली. शिटी मारली. सगळे सुटले, भाऊ पण सुटले, दुसऱ्याला बघून. पण ते कडेला न जाता दुसऱ्या लायनीवर जाऊन उभे राहिले. पाठ माझ्याकडं. नि मी वळून बघते तर बोईसरकडून त्याच लायनीवर दुसरी.

मी "यांचा" ओरडले. वारा उलटा. दगड मारला, अर्ध्यात पडला. दुसरा मारला. तोही. पळाले, पण त्या बुटात पळता येतं का? मंग माझ्या तोंडातून नाव आलं. "काशा! काशा! काशा!"

नवऱ्याचं नाव मी असं जन्मात पहिल्यांदा घेतलं. भाऊंना ते ऐकू गेलंच नाय. पण मुकादमाला गेलं. "यांचा"ची त्याला सवय होती, माझ्या तोंडून हे नाव ऐकायची नव्हती. तो दचकून वळला, भाऊंना बघितलं, नि पहार त्यांच्या पायात घालून खाली ओढलं. भाऊ कडेच्या खडीत तोंडावर पडले. बाजूनं गाडी गेली. गार्डनं हात केला, सगळं बरं हाय असा.

भाऊंचा हात मोडला, ओठ फाटला. मुकादमानं सगळ्यांना खोपटात घेतलं. "पाय घसरून पडला. कोणी काय बघितलं?"

"नाय," सगळे बोलले.

मी पण नाय बोलले. शिटी गळ्यातून काढली नि परत घातली. कुठं ठेवणार?

दुसऱ्या दिवशी विहिरीवर जाऊबाईला बोलले, "भाऊंना लायनीवरून काढा. अर्ज करायला सांगा. हलकं काम देतील."

"नि पाव्हण्यांना काय सांगू?" जाऊबाई बोलली. "पोरीचं ठरतंय. पोरीचा बापूस बहिरा, स्टेशनात पाणी भरतो, असं सांगू? तू दगड मारते ना, मारत राहा. मी बोलते का कधी?"

"रोज बोलता."

"ते वेगळं." तिनं कळशी डोक्यावर घेतली. "तुझं कुंकू गेलं म्हणून माझं घर बुडवू नको."

मी सांगायचं ते सांगितलं नाय. माझा हात थकलाय, हे सांगायचं होतं. दर गाडीला त्या माणसाचा जीव माझ्या नेमावर. ताप आला तरी मी घरी राहू शकत नव्हते. नि एक दिवस कोणीतरी त्या उंबऱ्याबाहेर चपला घेऊन उभं राहणार, ती मीच असणार, हे मला दिसत होतं. नि मंग गँगमधे भाऊंच्या नावाचा नियम होणार. कोणीतरी ते नाव दिवसभर ओरडणार.

भाऊंचा हात बरा झाला, ते परत आले. पावसाच्या आधी सेफ्टीचा साहेब यायचा होता. साहेब येणार म्हटलं की आमी दगडांना चुना मारायचो, खोपट झाडायचो, फटाके मोजून ठेवायचो. फटाका म्हंजे चपटा डबा असतो, रुळावर बांधायचा. पुढं धोका असला की गाडी त्यावरून जाऊन तो फुटतो नि ड्रायव्हर थांबवतो.

साहेब रुळावरून ढकलायच्या ट्रॉलीवर बसून आला. उंच, हिंदी बोलणारा, डोक्यावर टोपी, घामानं भिजलेला. वाईट माणूस नव्हता. आमच्या माठातलं पाणी प्याला. गँग त्या वेळी लायनीवरच उभी केली होती, हत्यारं हातात. त्यानं मुकादमाला नियम विचारले, मुकादमानं नंबरासकट घडाघडा सांगितले, जानूचा, बारक्याचा, यांचा, सगळे बिननावाचे.

मंग साहेब माझ्याकडं वळला. "बाई, लुकआउट तुम हो? सीटी बजाओ."

वाजवली.

"सबको सुनाई देती है?"

"जी साब," गँग बोलली. भाऊ पण बोलले, शेजारच्याच्या तोंडाकडं बघून, जरासे मागून.

"अच्छा है," साहेब बोलला नि निघाला.

मी बोलले, "नाय."

साहेब थांबला. मुकादमानं माझ्याकडं बघितलं, पान तोंडात तसंच. सोमीनं डोळे मिटले.

"क्या नहीं?"

"सगळ्यांना नाय ऐकू येत."

"किसको नहीं आता?"

आता काय करू? थोरल्या दिराचं नाव घेता येत नाय. बोट दाखवता येत नाय. साहेब वाट बघतोय. भाऊ माझ्याकडं पाठ करून उभे, रुळांच्या मधे, नेहमीसारखे, माझा संकोच सांभाळत. त्यांना काय चाललंय ते कळलंही नव्हतं.

मी खाली वाकले, खडीतला दगड घेतला नि त्यांच्या पायाशी मारला. नेम बरोबर बसला.

भाऊ लगेच कडेला उतरले. दोन्ही लायनी सोडून, पार खाली. पहार बाजूला आडवी, नियमात बसेल अशी. नि मान वळवून लायनीकडं बघत उभे राहिले. पालघरकडं बघितलं, बोईसरकडं बघितलं. गाडी नव्हतीच. बाकी कोणी हललं नव्हतं. सगळी गँग, साहेब, ट्रॉलीवाले, सगळे त्यांच्याकडं बघत होते. मंग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी शिटी घेतल्यापासून पहिल्यांदा.

साहेबानं टोपी काढून घाम पुसला. "कब से?" त्यानं हळूच विचारलं.

भाऊंना दवाखान्यात पाठवलं, लायनीवरून काढलं, बोईसर स्टेशनात पाणी भरायला लावलं. पगार उतरला. मुकादमाला ठपका बसला. पोरीचं ठरत होतं ते मोडलं, पुढच्या वर्षी दुसरीकडं झालं. स्थळ बरं मिळालं, पण जाऊबाईनं ते कधी कबूल केलं नाय. तिनं चूल वेगळी केली. गँगमधे कितीतरी दिवस माझ्या कपात कोणी चहा ओतला नाय, सोमी आपल्यातला अर्धा द्यायची. मी कोणाला दोष देत नाय. त्यांच्या जागी मी असते तर मी पण ओतला नसता.

भाऊ माझ्याशी बोलायचे बंद झाले असं म्हणता येणार नाय, कारण आधी पण बोलत नव्हते. पण न बोलण्यात पण प्रकार असतात. कोंबडीला सांगणं पण बंद झालं.

त्यानंतर आमच्या लायनीचा साहेब अधूनमधून गुपचूप मागून यायचा नि एकेकाला हळूच हाक मारून बघायचा, ऐकू येतं का. ज्याला नाय आलं त्याला लगेच डॉक्टरकडं. गँगनं त्याला नाव ठेवलं, वयनीचा नियम. शिवी दिल्यासारखं म्हणायचे. म्हणू दे. जिवंत माणसाच्या नावाचा तेवढा एकच होता. भाऊंच्या नावाचा नियम झाला नाय.

मी रिटायर झाले तवा हार घातला, नारळ दिला. शिटी परत घेतली, ती रेल्वेची. माझ्या गळ्याला तिचा दोरा घासून काळा पट्टा झालाय, तो राहिला.

आता माझे पण कान गेले. सून लिहितेय ती मला ओरडून विचारते. बेटेगावच्या रस्त्याला आमचं घर, कारखान्यांच्या बसेस दारावरून भरधाव जातात. गेल्या महिन्यात मी रस्त्याच्या कडेला पालापाचोळा गोळा करत होते, वाकलेली, पाठ रस्त्याला. भाऊ त्यांच्या ओट्यावर बसलेले. ऐंशीला टेकले असतील, दिवसभर तिथंच बसतात.

माझ्या टाचेला खडा लागला.

मी विचार केला नाय. झाडू टाकून कडेला उतरले, पार गटाराच्या पलीकडं. बस मागून गेली, पदर उडाला.

वळून बघितलं. भाऊ भलतीकडं बघत होते, समोरच्या चिंचेकडं, जसं काय झालंच नाय. पण हाताची मूठ बंद होती. मूठ उघडून त्यांनी बाकीचे खडे ओट्यावर मांडून ठेवले, हाताशी, पुढच्या बससाठी.